चेंबरची तोटी

गहू यंदा लवकर वाळला. एरवी आधी खालच्या अंगाचा पिकायचा, मग मधला, मग वरचा, आणि हार्वेस्टर त्याच्या मागेमागे फिरत राहायचं. यंदा ऊन असं तापलं की सगळीकडचं पीक एकदमच कापणीला आलं. चहूकडून बोलावणी यायला लागली. त्यात शेजारच्या गावात एकाने नवंकोरं यंत्र आणलेलं. दोघा भावांचं यंत्र जुनं, दुसऱ्याने वापरून टाकलेलं. घरात सगळे त्याला धूडच म्हणत. धूड निघायला उशीर झाला तर लोक नव्या यंत्राकडे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

निघण्याआधी इंजिनाचं ऑइल बदलायचं. आणि ऑइल बदलायचं म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, थोरलीला, हाक मारायची.

ही रीत धुडाच्या आधीच्या मालकामुळे पडली. त्याने कुठेतरी दगडावर घालून इंजिनाचं चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, फोडून घेतली होती. पुन्हा फुटू नये म्हणून त्याने चेंबरच्या खालून जाड पत्रा बसवला. बसवताना चेंबरचा ऑइल सोडायचा नट पुढे कुणी कसा खोलायचा याचा विचार मात्र केला नाही. ऑइल खाली पडायला पत्र्याला लिंबाएवढं भोक ठेवलं, पण त्यातून पाना जात नव्हता. बाजूला एक फट होती, त्यात पुरुषाचा हात मनगटापर्यंत जाई आणि अडे. पत्रा काढावा तर त्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. यंत्र घेतलं त्या वर्षी थोरल्याने फटीत हात घातला आणि तो अडकला. साबणाचं पाणी ओतून ओतून बाहेर काढावा लागला. मग शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने हातातलं कडं काढून ठेवलं, बाही वर सारली आणि आपला हात आत घातला. तो पार कोपराच्या वर गेला. तिचा हात काटकुळा, बोटं लांब. लग्नात बायका त्या हाताला हसल्या होत्या.

नट डोळ्यांना दिसत नसे. बोटांनी चाचपायचा, आखूड पाना त्याला लावायचा आणि ढिला करायचा. शेवटचे आटे नुसत्या बोटांनी सोडवायचे. ऑइल गरम असतानाच खोलावं लागे, नाहीतर तळाचा गाळ निघत नाही. नट निघाला की पहिला फवारा मनगटावर यायचा. तिथे तिला तपकिरी पट्टाच पडला होता. पण कधी तिने नट घमेल्यात पडू दिला नाही, की आटे वाकडे धरले नाहीत. फिरतीवर मध्येच एकदा ऑइल बदलावं लागतं म्हणून दर हंगामात ती धुडाबरोबर जायची. चूल तर कुणीही पेटवली असती.

आणि या जाण्यासाठी ती वर्षभर थांबायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? नवरा घरात मुका होता. आई बोलायची आणि तो ऐकायचा. जेवण झालं की हात धुऊन धुडापाशी. पण घरापासून लांब, कापलेल्या शेताच्या कडेला ताडपत्री टाकून बसले की त्याच्या तोंडाला पाझर फुटायचा. कुठल्या शेतकऱ्याने बांध कोरला, लहानपणी तो कुठे विहिरीत पडला होता, कोणता माणूस चालताना बदकासारखा दिसतो. एकदा त्याने त्या माणसाची नक्कल केली, तेव्हा हसून हसून तिला ठसका लागला होता. लेक लग्न होऊन गेल्यापासून तर घरात तिला असं बोलणारं कुणी नव्हतंच.

यंदा सासू ओट्यावरून पडली आणि तिचा खुबा दुखावला. तिला उठवायला, बसवायला माणूस लागे. दोघी सुनांपैकी एकीने घरी राहायचं होतं. कुणी राहायचं यावर कुणी बोललंही नाही. हात थोरलीचा, म्हणजे जाणार थोरली.

धाकटी या घरात गेल्या हंगामानंतर आली. अंगाने भरलेली, गोरीगोमटी, तोंडाने वाहती. तिच्या बापाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि लग्नाआधी गल्ल्यावर तीच बसायची. ऑइल बदलायच्या दिवशी ती पहिल्यांदाच हे बघायला आली. धुडाचं इंजिन तापवून बंद केलेलं, घमेलं खाली सरकवलेलं. थोरलीने कडं काढलं, बाही सारली. धाकटी उकिडवी बसली, वाकून फट बघितली, मग थोरलीचा हात बघितला.

"अगंबाई. ताई, तुम्ही हात घालता की काय इथे?"

"मग काय पाय घालू?" थोरली म्हणाली. धाकट्याला हसू फुटलं. थोरलीला बरं वाटलं.

धाकटीने तिचं मनगट धरून तो पट्टा जवळून पाहिला. मग म्हणाली, आज नका खोलू. नटाच्या जागी बसवायला तोटी मिळते, आमच्या दुकानातून मालट्रकवाले नेतात. पितळेची असते, तिला दांडी असते, दांडी ओढली की ऑइल सुरू, ढकलली की बंद. पत्र्याच्या भोकातून तारेचा आकडा घातला तर उभ्याउभ्या काम होईल. एकदा बसवली की पुन्हा नटाला हात लावायला नको. हे सगळं ती थोरल्याकडे बघून बोलत होती.

थोरला भावजयीशी सहसा बोलत नसे. काही सांगायचं झालं तर धाकट्याला सांगायचा, समोर ती उभी असली तरी. पण आता तो घमेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि सरळ तिलाच विचारायला लागला. गळते का? हादऱ्याने आपोआप उघडली तर? आटे कोणते लागतील? धाकटी म्हणाली, दांडीला खाच असते, उचलल्याशिवाय सरकतच नाही. आट्यांचं म्हणाल तर या इंजिनाचे मला माहीत आहेत. दोघं बोलत राहिली. मधे थोरली उघडा हात घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने बाही खाली केली आणि कडं घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

धाकटी माहेरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत आली ती कागदाची पुडी घेऊनच. तोटी अंगठ्याएवढी होती, पिवळीधमक. सोबत तांब्याची दोन नवी वायसरं, मधून गळू नये म्हणून घालायच्या चकत्या, एक लावायला, एक जादा. घरातल्या प्रत्येकाने ती हातात घेऊन दांडी मागेपुढे करून पाहिली. सासूनेही अंथरुणात पडल्यापडल्या पाहिली आणि म्हणाली, एवढीशी तोटी, पण कामाची.

"हिला डोकं आहे," थोरला म्हणाला. जेवता जेवता म्हणाला, आईसमोर म्हणाला. थोरलीच्या हातून वाढताना रस्सा त्याच्या ताटाबाहेर सांडला.

पुढचं तिथेच ठरलं. थोरला म्हणाला, आता हाताचं काम उरलं नाही, तर थोरलीच घरी राहू दे. आईला तिची सवय आहे. धाकटी येईल आमच्याबरोबर, यंत्रातलं तिला कळतं, शिकून तरी घेईल. मग बायकोकडे वळून, जसं काही मोठं देणं देतोय अशा आवाजात म्हणाला, "तुझा हात सुटला बघ एकदाचा."

सासू म्हणाली, "बरं झालं. हिच्या हाताने मला उठताना दुखत नाही." त्या घरात तिच्या हाताला एवढा मान त्या दिवसाआधी कधी मिळाला नव्हता.

तोटी बसवायची कुणी, हा प्रश्न नव्हताच. पहिला नट काढायला हात तिचाच लागणार होता.

सकाळीच इंजिन तापवलं. ती धुडाखाली पाठीवर आडवी झाली. जमीन अजून गार होती आणि वरून चेंबरची धग तोंडावर येत होती. धाकटी शेजारी ओणवी बसून एकेक वस्तू हातात देत होती. नट सुटला, फवारा मनगटावर आला, ऑइल भोकातून घमेल्यात पडायला लागलं. धाकटी म्हणाली, "हा शेवटचा चटका, ताई." मनापासून म्हणाली. थोरलीला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ऑइल थेंबाथेंबावर आलं तेव्हा तिने चिंधी घेऊन आतली जागा पुसली. बोट नटाच्या भोकाच्या कडेवरून गोल फिरवलं. तिथे जुनं वायसर चिकटून बसलं होतं. दरवर्षी ते नटाबरोबर निघायचं, यंदा चेंबरलाच राहिलं. नखाने सुटलं असतं. काढायला हवं हेही तिला माहीत होतं. जुन्यावर नवं बसवलं तर दोन्ही नीट दबत नाहीत आणि इंजिन तापलं की पाझर लागतो. एका वर्षी एका गॅरेजवाल्याने थोरल्याला ते सांगितलं होतं, थोरल्याने तिला.

बाहेर धाकटी धाकट्याला सांगत होती, फिरतीवर न्यायला भांडी कोणती काढून ठेवलीत ते. मोठा टोप ताईंच्या हाताखालचा आहे, तो घेऊ ना?

थोरलीने नख वायसरच्या कडेला लावलं होतं. ते तिने काढून घेतलं. "तोटी दे," ती म्हणाली. धाकटीने नवं वायसर घातलेली तोटी फटीतून तिच्या बोटांत दिली. तिने ती सरळ धरली, आटे बसू दिले, पान्याने आवळली. हाताला नेहमीसारखी घट्ट लागली नाही. आवळली तशी थोडी मऊ लागली. ती बाहेर आली आणि हात पुसत बसली.

ऑइल भरलं, इंजिन चालवून पाहिलं. थोरला वाकून टॉर्च मारत होता. थोडा वेळ चालवलं तर काहीच पाझरलं नाही. धाकटीने टाळी वाजवली. दुपारी धूड निघालं. धाकटी वर शिडीपाशी बसली होती, थोरलीच्याच जागी, दोन्ही हातांनी दांडा धरून. ती खाली बघून हसली आणि हात हलवला. थोरलीनेही हलवला. रस्त्याच्या वळणापर्यंत धूड दिसत होतं, मग नुसती धूळ.

घरात ती दिवसभर सासूला उठवायची, बसवायची, पाय चोळायची. जनावराला पाणी, अंगण, चूल. कामाला तोटा नव्हता. पण डोकं धुडाखाली. आधी तिला वाटलं, पाझर लागला तर चांगलं, कळेल त्यांना. मग वाटलं, इतकंसं पाझरलं तर काय होतंय, पुरुष वरून भरतील. मग चूल फुंकताना तिला आठवलं की धुडाच्या पोटाखाली सारा भुसा पडतो, आणि इंजिन चुलीसारखं तापलेलं असतं. ती फुंकणी हातात धरून तशीच बसली. सासूने हाका मारल्या त्या तिला ऐकूच आल्या नाहीत. फोन हातात घेऊन दोनदा ठेवला. काय सांगणार? दांडी बघा म्हणून? वायसर बघा म्हणून? बघणार कोण, हात कुणाचा जाणार आत?

आणि तिला धाकटी दिसायची. ताडपत्रीवर बसलेली. आणि थोरला त्या बदकासारख्या माणसाची नक्कल करतोय. एवढं दिसलं की भीती कुठल्या कुठे जायची आणि जळफळ तेवढी उरायची.

फोन आला तो धाकट्याचा. वहिनी, तोटीपाशी गळतंय. पहिल्या दिवशी कळलं नाही, काल दुपारपासून थेंब थेंब चालू आहे. शेताच्या मालकाने भुशावर ऑइल बघितलं आणि यंत्र थांबवायला लावलं. पत्र्याचा एक बोल्ट खोलायला गेलो तर तो तुटूनच आला, दुसऱ्याला हात लावायची छाती होत नाही. दादा म्हणतात, तुम्ही या.

तिने सासूला सांगितलं. शेजारीण दोन दिवस येऊन राहायला कबूल झाली. थोरली पिशवी भरत होती तेव्हा सासू उशीवर कोपर टेकून तिच्याकडे बघत राहिली.

"त्यांचं तिकडे अडलंय आणि तुझं तोंड बघ. लगीनघर झालंय नुसतं."

थोरली आरशापाशीच उभी होती, पण तिने आरशात पाहिलं नाही.

एसटीची मोटार तिठ्यावर सोडून गेली. तिथून शेतापर्यंत चालत जावं लागलं. दोन्हीकडे कापलेला गहू, मधूनच उभा. उन्हाची झळ पायाखालूनच येत होती. लांबून धूड दिसलं, शेताच्या मध्यावर थांबलेलं. निम्मं शेत कापलेलं, निम्मं तसंच. आणि उरलेल्या निम्म्यात बांधाच्या बाजूने ते दुसरं, नवंकोरं यंत्र शिरलं होतं. आवाजसुद्धा घरंगळल्यासारखा गुळगुळीत. थोरला चाकाला टेकून बसला होता आणि आपल्या हातचं शेत दुसऱ्याला कापताना बघत होता. तिला पाहून उठला. "आलीस," एवढंच म्हणाला.

धाकटी चुलीपाशी होती. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं. धाकट्याने सांगितलं, हिने ऐकलं नाही, हात घातलाच आत. गरम इंजिन, भरलेला हात, तो अडकला. पत्र्याच्या कडेने सोलून निघाला आणि चेंबरला चिकटून भाजला. धाकटी म्हणाली, काही नाही हो ताई, माझा हात म्हणजे भोपळा. आणि हसली. डोळे मात्र सुजलेले होते.

थोरली धुडाखाली गेली. तोटीतून ऑइल सोडलं आणि तोटी फिरवून काढून बाहेर धाकटीकडे दिली. नख लावलं तसं जुनं वायसर टप्कन सुटलं. ते तिने मुठीत धरलं, पण मूठ ऑइलने बुळबुळीत होती. हात फटीतून बाहेर येताना मनगट पत्र्याला घासलं आणि वायसर निसटून घमेल्यात पडलं. धाकटी घमेलं ओढायला बसलेलीच होती. तिने डाव्या हाताची दोन बोटं काळ्या ऑइलात घालून ते उचललं. तोटीवरचं नवं वायसर तिथेच होतं. म्हणजे दोन.

दुकानात बसलेली पोर ती. दोन वायसर बघितल्यावर तिला सांगावं लागत नव्हतं. तिने थोरलीकडे बघितलं. धुडाखाली आडव्या पडलेल्या थोरलीला तिचं तोंड उलटं दिसत होतं. धाकटीने ते वायसर चिंधीत घातलं, दुसरं नवं वायसर पुडीतून काढून तोटीत घातलं आणि तोटी तिच्या हातात दिली. बोलघेवडी बाई गप्प बसली की जड जातं. थोरलीने भोकाची कड पुन्हा पुन्हा पुसली. तोटी बसवली. या वेळी ती दगडासारखी घट्ट लागली.

ऑइल भरून इंजिन बराच वेळ तापवलं. थेंब नाही. पण तोवर नव्या यंत्राने शेत संपवलंही होतं.

संध्याकाळी सगळे बांधावर जेवायला बसले होते. शेताचा मालक हिशेब चुकता करायला म्हणून आला आणि बसला. त्याला उत्सुकता होती. एवढं काय बिघडलं होतं, त्याने विचारलं. थोरला म्हणाला, तेच मला कळलं नाही, परवा तर टिपूससुद्धा नव्हतं.

"माझं चुकलं," धाकटी म्हणाली. "वायसर जाड दिलं मी. बसलं नाही ते नीट."

धाकटा तिच्यावर उखडला. दुकानात बसून एवढंच शिकलीस का, म्हणाला. घरून निघताना सगळ्यांपुढे टाळ्या वाजवत होतीस. निम्मं शेत गेलं हातचं. उद्या पुढच्या गावात कळेल तेव्हा तिथलंही जाईल. शेताचा मालक हसला. बायकांच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं, म्हणाला. धाकटी मान खाली घालून डाव्या हाताने जेवत होती. तिला घास नीट उचलता येत नव्हता.

"असू दे," थोरला म्हणाला. "नवीन आहे ती. आणि हात भाजून घेतलाय तिने आपल्यासाठी. शिकेल."

थोरलीने नवऱ्याचा असा मऊ आवाज कधी ऐकला नव्हता. तिचं मनगट वर्षानुवर्षं भाजलं, तेव्हा तो म्हणायचा, फडकं बांध. ती ताटाकडे बघत राहिली. गप्प बसलं की झालं होतं. तिचा हात हवा हे सिद्ध झालं होतं, चूक दुसरीच्या नावावर पडली होती, आणि ती इथे बसली होती. पण धाकटीने बापाच्या घरचा शहाणपणा आणला, हात भाजून घेतला, आता शिव्याही खाल्ल्या, आणि या सगळ्याने ती मोठीच होत चालली होती. एवढा मोठेपणा तिच्या पदरात घालायची थोरलीची तयारी नव्हती.

"तिचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "जुनं वायसर आतच चिकटलेलं होतं. माझ्या बोटाला लागलं होतं. मी काढलं नाही."

धाकट्याचा हात ताटात थांबला. "विसरलात?"

"विसरले नाही."

थोरल्याने तिच्याकडे बघितलं. "मग?"

"मला यायचं होतं," ती म्हणाली.

शेताचा मालक उठला, झटकायचं काही नसताना मांडी झटकली आणि म्हणाला, तुमचं घरचं चालू दे. जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

थोरल्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "एवढ्यासाठी?" उत्तराची वाट न बघता उठला आणि धुडाकडे गेला. त्या संध्याकाळी तो ताडपत्रीकडे आलाच नाही. इथे, शेतात, तो गप्प बसला. घरात तिला त्याची सवय होती, इथे नव्हती.

दोघी जावा भांडी घासायला बसल्या. धाकटीचा एकच हात चालत होता. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी झाकलं होतं ना, ताई. कशाला बोललात?"

"तू झाकलंस म्हणूनच."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आणि काय झालं कोण जाणे, तिला हसायला आलं. तोंडावर राखेचा हात ठेवून ती हसत राहिली. "अवघड आहात तुम्ही," ती म्हणाली. थोरलीने तिच्या हातातला टोप ओढून घेतला आणि जोरजोरात घासला.

सकाळी ऊन वर यायच्या आत धूड पुढच्या गावाला न्यायचं होतं. तिथला शेतकरी अजून बोलावत होता, एवढं नशीब. थोरलीने पिशवी भरून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं की मोटार तिठ्यावर सकाळचीच येते.

थोरला धुडाखाली शिरलेला दिसला. पाठीवर आडवा, पाय बाहेर. ती जाऊन जवळ उभी राहिली. त्याने भोकाखाली बोट फिरवलं, बोट बघितलं. कोरडं होतं. तरी तो बाहेर आला नाही. त्याने हात फटीत घातला. मनगटापर्यंत गेला आणि अडला. त्याने तो तसाच राहू दिला. मग बोटांनी पत्र्याची कड चाचपली, इकडून तिकडे, सावकाश.

"ही कड धार धरून आहे," तो खालून म्हणाला.

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही पुन्हा कधी आत आला नाहीत."

तो बाहेर आला. उठून बसला, हात पुसला, दुसऱ्या हाताने मनगट चोळलं. धाकटा वर चढून इंजिन सुरू करायला थांबला होता, त्याला त्याने खुणेनेच थांबवलं. मग पिशवीकडे बघितलं.

"निम्मं शेत घालवलंस," तो म्हणाला.

"हो."

"भुसा पेटला असता तर?"

तिने पायाशी पडलेल्या भुशाकडे बघितलं.

"आता तोटी आहे. आकड्याने कुणीही ओढेल. हाताचं काम नाही इथे. चूल आहे ती, धाकटीचा हात बरा होईपर्यंत तू बघशील, नंतर ती बघेल. मग राहून काय करणार आहेस?"

तिने खूप विचार केला. सांगण्यासारखं एकही काम सापडलं नाही. "काही नाही," ती म्हणाली. "बसेन."

थोरल्याने धुडाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. शेजारणीला फोन करून आईपाशी आणखी थोडे दिवस राहशील का विचारावं लागेल, म्हणाला. ती नाही म्हणाली तर तुला जावं लागेल. मग पिशवी उचलून शिडीपाशी ठेवली.

"बस मग," तो म्हणाला आणि वर चढला.

इंजिन सुरू झालं. धूर निघाला, पक्षी उडाले. थोरली बांधावर बसली, मांडीवर हात ठेवून. लग्न होऊन आल्यापासून ती दिवसाउजेडी अशी बसली नव्हती. कसं बसायचं तेही तिला नीट जमत नव्हतं. पलीकडून धाकटीने हाक मारली. निघायच्या आधी भांडी बांधायची आहेत, एका हाताने गाठ बसत नाही, जरा येता का?

"थांब जरा," थोरली म्हणाली. "मी बसलेय."